यंत्रमागाचा आवाज कोठून आणायचा? विद्यार्थी नाटक आणि पॉडकास्टसाठी ध्वनी मिळवणे व मुद्रित करणे

सोलापुरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका एकांकिकेची तालीम पाहायला मी गेलो होतो. कथा यंत्रमाग कामगाराच्या घरात घडत होती आणि पडदा उघडण्यापूर्वी अंधारात कारखान्याचा आवाज ऐकू यावा, अशी दिग्दर्शकाची कल्पना होती. मुलांनी इंटरनेटवर ‘फॅक्टरी’ हा शब्द टाकून एक ध्वनिफीत मिळवली होती. ती स्वच्छ होती, दमदारही होती. परंतु तिच्यात वाफेचे फूत्कार आणि पत्र्यावर आदळणारे हातोडे ऐकू येत होते. नटांपैकी एकीची आई तालमीला आली होती. तिने पहिल्या दहा सेकंदांतच सांगितले, “हा मागाचा आवाज नव्हे.” ज्या शहरात धोट्याची (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनाची) ये-जा कित्येक घरांनी पिढ्यानपिढ्या ऐकली आहे, तेथील प्रेक्षकांसमोर ही चूक लपली नसती. त्या दिवशी मुलांनी मला जे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरे येथे जरा विस्ताराने देत आहे, कारण नाटक असो वा पॉडकास्ट, अडचणी बहुतेक त्याच असतात.

ध्वनी शोधण्याचे काम संगणकापुढे बसून सुरू होत नाही. ते संहितेपासून सुरू होते. संहिता वाचताना जेथे आवाज हवा तेथे खूण करावी आणि तो आवाज नेमके काय करणार आहे, हे समासात लिहावे. दाराची कडी वाजणे ही घटना आहे; ती ऐकू आली नाही, तर पुढचा संवाद निरर्थक होतो. दूरवर चाललेला माग, गल्लीतली वर्दळ, रात्रीची टिटवी हे जागेचे आवाज आहेत. प्रेक्षकाला ते जाणवावेत, पण त्याने त्यांच्याकडे कान लावू नये. तिसरा प्रकार म्हणजे भावना गडद करणारे संगीत, आणि माझ्या मते विद्यार्थी त्यावर गरजेपेक्षा फार जास्त विसंबतात. जागेचे आवाज नीट जमले, तर निम्म्याहून अधिक ठिकाणी संगीताची गरजच उरत नाही.

अशी यादी हातात आली की इंटरनेटवरील संग्रहांचा खरा उपयोग होतो. बार्सिलोनातील पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठाने २००५ साली सुरू केलेला ‘फ्रीसाउंड’ हा संग्रह विद्यार्थ्यांसाठी सर्वांत सोयीचा आहे, कारण तेथे प्रत्येक ध्वनीसोबत त्याच्या वापराच्या अटी स्पष्ट लिहिलेल्या असतात. बीबीसीने २०१८ साली आपल्या संग्रहातील सोळा हजारांहून अधिक ध्वनिपरिणाम खुले केले. ते वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या कामासाठी वापरता येतात, मात्र व्यावसायिक वापरासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. पक्ष्यांच्या आवाजांसाठी ‘झेनो-कॅन्टो’ हा जगभरातील ध्वनिमुद्रणांचा संग्रह आहे. अशा ठिकाणी शोधताना शब्दांचा सापळा लक्षात ठेवावा. कोकिळेसाठी ‘ककू’ शोधले, तर युरोपातील वेगळ्याच पक्ष्याची दोन सुरांची साद मिळते. आपल्या आंब्याच्या झाडावरचा कोकीळ ‘कोएल’ या नावाखाली सापडतो. ‘ट्रेन’ शोधल्यास अमेरिकी इंजिनाचा भोंगा मिळण्याची शक्यता मोठी. गर्दीचेही तसेच आहे. सोलापूरच्या बाजारात मराठीसोबत कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच वेळी कानावर पडते. दुसऱ्या शहरातील गर्दीची ध्वनिफीत येथे लावली, तर प्रेक्षकाला काय चुकले ते सांगता येणार नाही, पण काहीतरी परके वाटत राहील. म्हणून माझा आग्रह असा की गावाची ओळख सांगणारे आवाज स्वतः मुद्रित करावेत आणि मेघगर्जना किंवा काच फुटणे असे कोणत्याही गावाचे नसलेले आवाज तेवढे संग्रहातून घ्यावेत.

काही आवाज तर घरीच तयार करता येतात. रेडिओवरील नभोनाट्यांसाठी हीच पद्धत वापरली जाई. नारळाच्या दोन करवंट्या मातीवर आपटल्या की घोड्याच्या टापा होतात, पातळ पत्रा हलवला की गडगडाट होतो आणि वेष्टनाचा चुरचुरीत कागद माईकजवळ हळूहळू चुरगळला की आग पेटल्याचा भास होतो. सुपात मूठभर ज्वारी घेऊन सूप सावकाश तिरपे करत राहिल्यास पावसाची सर ऐकू येते. आपल्या जिल्ह्यात ज्वारी शोधायला लांब जावे लागत नाही. हे आवाज डोळ्यांनी पाहिले तर खोटे वाटतात, म्हणून मुद्रण करताना डोळे मिटून ऐकावे आणि मगच ठरवावे.

आता प्रत्यक्ष मुद्रणाकडे वळू. विद्यार्थी पहिला प्रश्न नेहमी ‘कोणता माईक घ्यावा’ असा विचारतात. त्याआधी माईक कोठे ठेवावा, हे समजून घ्यायला हवे. मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले, की थेट येणाऱ्या आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. खोलीच्या भिंतींवर आपटून येणारा घुमारा मात्र तुम्ही जवळ असा वा दूर, जवळपास तेवढाच राहतो. बोलणाऱ्याच्या तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवलेला साधा माईक आणि चार वितींवर ठेवलेला महागडा माईक यांत तब्बल १२ डेसिबलचा फरक पडतो, आणि तो फरक पुढे कोणतेही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे भरून काढू शकत नाही. दूरच्या माईकचा आवाज नंतर वाढवला, की त्यासोबत पंखा, रस्ता आणि भिंतीही वाढतात.

माईक वितीइतका जवळ आणला, की मराठीची एक खास अडचण समोर येते. आपल्या भाषेत महाप्राण व्यंजने भरपूर आहेत, आणि फ, भ, ख, थ उच्चारताना तोंडातून हवेचा झोत निघतो; तो थेट माईकच्या पडद्यावर आदळला, की ध्वनिफितीत ‘भप्’ असा धक्का बसतो. माईक तोंडासमोर न धरता ओठांच्या कोपऱ्याकडे, किंचित बाजूला ठेवला, तर झोत समोरून निघून जातो आणि शब्द मात्र नीट पोचतात. चाचणीसाठी मी मुलांना ‘भीमेला पूर आला, पंढरपूरची वाट फुटली’ असे एखादे वाक्य म्हणायला लावतो. त्यात धक्का ऐकू आला नाही, तर माईकची जागा बरोबर आहे.

खोलीचा प्रश्न सोलापुरात बऱ्याच अंशी घरच्या घरी सुटतो. शहाबादी फरशी, गुळगुळीत भिंती आणि रिकामी खोली असेल, तर आवाज चोहोबाजूंनी परततो आणि बोलणारा विहिरीत उभा असल्यासारखा वाटतो. जाड सुती सोलापुरी चादरी येथे फार उपयोगी पडतात. एक चादर दुहेरी घडी घालून बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर टांगावी, दुसरी फरशीवर अंथरावी आणि शक्य असल्यास तिसरी माईकच्या मागे लावावी. टांगलेली चादर भिंतीला चिकटवू नये. मध्ये वीतभर पोकळी ठेवल्यास ती अधिक खालच्या पट्टीतले आवाजही शोषते. याचे कारण लहरीच्या लांबीत आहे. १००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १००० कंपनांच्या, लहरीची लांबी सुमारे ३४ सेंटीमीटर असते आणि भिंतीपासून तिच्या चौथ्या हिश्शाएवढ्या, म्हणजे साधारण साडेआठ सेंटीमीटर अंतरावर हवेची हालचाल सर्वाधिक असते. कापड तेथे असेल, तर ती हालचाल धाग्यांत अडते. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असल्याने ट्रकची किंवा जनरेटरची घरघर चादरीला दाद देत नाही. चादर घुमणे कमी करते, बाहेरचा आवाज अडवत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याची पद्धत मी अजूनही पाहतो, पण त्या पातळ पुठ्ठ्याने शोषण फारसे होत नाही आणि बाहेरचा आवाज तर मुळीच थांबत नाही.

बाहेरच्या आवाजावर खरा उपाय म्हणजे वेळ निवडणे. पहाटे मुद्रण केले, तर रहदारी कमी असते आणि उन्हाळ्यातही दहा-बारा मिनिटे पंखा बंद ठेवता येतो. फ्रिज बंद करावा, ट्यूबलाइटची गुणगुण तपासावी. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने सदोष तारेतून किंवा चार्जरमधून येणारी घरघर बहुधा ५० आणि १०० हर्ट्झवर ऐकू येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर मुद्रण करून पाहिले, की दोष कोठे आहे ते कळते. काम संपल्यावर सर्वांनी निश्चल राहून त्याच खोलीची निव्वळ शांतता एक मिनिट मुद्रित करावी. संपादनात एखादा शब्द कापला, तर मागे राहणारे छिद्र याच शांततेने भरायचे असते; तेथे संपूर्ण निःशब्दता ठेवली, तर ऐकणाऱ्याला तार तुटल्यासारखे वाटते.

मुद्रणाची पातळी होईल तेवढी वर ठेवावी, हा कॅसेटच्या काळातील सल्ला आज चालत नाही. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबल ही वरची टोकाची मर्यादा असते, आणि तिच्या पलीकडे गेलेला आवाज कापला जाऊन कायमचा फाटतो. म्हणून सर्वांत मोठ्या आवाजाचे शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, असे पाहावे. मुद्रणाची फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात, ४८,००० नमुने (आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापे) प्रति सेकंद आणि २४ बिट (प्रत्येक नमुन्याचा बारकावा) या मापांनी ठेवावी. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि एखादी कंपने टिपायची तर सेकंदाला त्यांच्या दुपटीहून अधिक नमुने घ्यावे लागतात. ४४,१०० आणि ४८,००० हे आकडे त्यातून आले आहेत. या मापाने एका माईकचे मुद्रण मिनिटाला साधारण ८.६ मेगाबाइट, म्हणजे तासाला पाचशेहून थोडी अधिक मेगाबाइट जागा घेते. एमपी३ स्वरूप कितीतरी कमी जागा घेते, पण ते कानाला कमी जाणवणारा तपशील फेकून देते आणि पुन्हा पुन्हा संपादित करून जतन केल्यास दर वेळी आणखी काही हरवते. ते शेवटी, प्रसिद्ध करतानाच वापरावे. व्हॉट्सअॅपवरून आवाजी संदेश म्हणून मागवलेला संवाद आधीच पिळून निघालेला असतो; पाठवायचाच असेल, तर मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. मोबाइलवर मुद्रण करताना तो एअरप्लेन मोडवर ठेवणे विसरू नये. मोबाइलचा मुख्य माईक बहुधा खालच्या कडेला असतो, आणि फोन हातात धरला, की नेमका तोच तळव्याखाली झाकला जातो.

मागाकडे परत येतो. मुलांनी आधी कारखान्याच्या मधोमध उभे राहून मुद्रण केले आणि निराश होऊन परतली. एकाच वेळी चाललेल्या अनेक मागांचा मिळून एकसंध कल्लोळ तयार झाला होता आणि मोबाइलचा छोटा माईक त्या दणक्याने कोलमडला होता. पुढच्या वेळी त्यांनी मालकांना आणि कामगारांना विचारून कामाची पाळी सुरू होण्याच्या आधीची वेळ घेतली. प्रथम रिकाम्या कारखान्याची शांतता टिपली. मग एकच माग सुरू करायला सांगून हातभर अंतरावरून त्याचे मुद्रण केले. त्यानंतर इतर माग एकेक करून सुरू होताना दारात उभे राहून, आणि शेवटी रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीपाशी. एकाच आवाजाची ही वेगवेगळी अंतरे मिळाली, की नाटकात दार उघडणे, आत शिरणे आणि दूर जाणे केवळ ध्वनीने दाखवता येते; नंतर सॉफ्टवेअरमध्ये आवाज नुसता लहान-मोठा करून ही अंतरे तयार होत नाहीत, कारण दूरच्या आवाजात वरच्या पट्टीचा तपशील विरलेला असतो आणि परिसर मिसळलेला असतो.

काही आवाज वर्षातून एकदाच हाती लागतात. मकरसंक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघते. तेव्हाचा जयघोष, वाद्ये आणि पावलांचा आवाज ज्याला हवा आहे, त्याने डिसेंबरातच तयारी करावी. गड्ड्याच्या, म्हणजे या यात्रेतील जत्रेच्या, गर्दीत मुद्रण करताना मात्र एक सावधगिरी हवी. दुकानांचे आणि पाळण्यांचे कर्णे चित्रपटगीते वाजवत असतात; ती पार्श्वभूमीला मुद्रित झाली, की तुमच्या हक्काच्या ध्वनिफितीत दुसऱ्याचा हक्क शिरतो आणि पॉडकास्ट प्रसिद्ध केल्यावर स्वयंचलित यंत्रणा ते गाणे ओळखून हरकत घेऊ शकते. कर्ण्यांपासून दूरची जागा आधी हेरून ठेवावी.

येथून हक्कांचा विषय निघतो, आणि त्याबद्दल विद्यार्थ्यांत सर्वाधिक गैरसमज आहेत. ‘तीस सेकंदांपर्यंत कोणतेही गाणे वापरता येते’ असा नियम भारतीय कायद्यात कोठेही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार एका गाण्यात गीत, चाल आणि ध्वनिमुद्रण असे वेगवेगळे हक्क असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. परंतु गीत आणि चाल यांचे हक्क निर्मात्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालू राहतात, म्हणून संगीतकार १९८० साली वारला असेल, तर चालीचा हक्क २०४० च्या अखेरपर्यंत अबाधित आहे. जुनी तबकडी मिळाली म्हणजे गाणे मोकळे झाले, असे म्हणता येत नाही ते याचमुळे.

शैक्षणिक संस्थांना कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, हे खरे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी आणि कर्मचारी यांनी केलेल्या प्रयोगात ध्वनिमुद्रण वाजवता येते. मात्र प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती एवढेच असावे लागतात. तोच प्रयोग सर्वांसाठी खुल्या स्पर्धेत गेला किंवा त्याची चित्रफीत इंटरनेटवर चढवली, की ही सवलत गृहीत धरता येत नाही. पॉडकास्ट तर जन्मतःच सर्वांसाठी खुला असतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून असा विचार करावा, की हे काम उद्या महाविद्यालयाबाहेर जाणार आहे.

यावर व्यवहार्य मार्ग म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने, म्हणजे निर्मात्याने इतरांना वापरासाठी आधीच दिलेली जाहीर परवानगी. ‘सीसी झिरो’ असे लिहिलेला ध्वनी कोणत्याही अटीविना वापरता येतो. ‘बीवाय’ असेल, तर निर्मात्याचे नाव द्यावे लागते. ‘एनसी’ म्हणजे व्यावसायिक वापराला मनाई, आणि पॉडकास्टवर उद्या जाहिरात घेतली, तर ही अट आड येऊ शकते. ‘एनडी’ म्हणजे बदल केलेली आवृत्ती प्रसिद्ध करण्यास मनाई. ज्या ध्वनीचे तुकडे करून मिश्रण करायचे आहे, तो अशा परवान्याखाली असेल, तर सोडून द्यावा. पक्ष्यांच्या कितीतरी ध्वनिमुद्रणांवर हीच अट असते, ती आधी पाहावी. ध्वनी उतरवून घेतानाच त्याचे नाव, निर्माता, परवाना आणि तारीख एका वहीत लिहून ठेवावी. प्रयोगाच्या आदल्या रात्री हा शोध घेणे अतिशय कष्टाचे असते.

माणसांचे आवाज मुद्रित करताना कायद्याइतकीच माणुसकीही पाहावी लागते. निवृत्त माग कामगारांच्या आठवणींवर पॉडकास्ट करणाऱ्या मुलांना मी सांगतो की, मुद्रण कशासाठी आहे आणि ते कोठे ऐकवले जाणार आहे, हे आधी समजावून सांगावे आणि संमती त्याच ध्वनिफितीच्या आरंभी घ्यावी. अजून काम करणारा माणूस मजुरीबद्दल काही बोलला, तर संपादनानंतर तो भाग त्याला पुन्हा ऐकवून नाव ठेवायचे की नाही, हे विचारावे. त्याची रोजीरोटी त्या वाक्यावर अवलंबून असू शकते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजोबांना मराठीत बोलण्याचा आग्रह धरू नये. त्यांच्या भाषेतली दोन वाक्ये ऐकवून मग मराठी अनुवाद वाचला, तर आवाजातला जिव्हाळा टिकतो. मुलाखत घेणाऱ्याने ‘हं’, ‘बरोबर’ असे हुंकार न देता केवळ मान हलवावी, आणि उत्तर संपल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहावे. मी ऐकलेल्या मुलाखतींतील सर्वांत चांगली वाक्ये बहुधा त्या शांततेनंतरच आलेली आहेत.

तयार झालेला पॉडकास्ट स्वस्त इअरफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि शक्य असल्यास चालत्या रिक्षात ऐकून पाहावा. एकूण पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो, हे मोजण्याचे एकक) या मापाजवळ ठेवण्याची शिफारस अॅपल करते. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्येही हे माप लावता येते. त्यामुळे ऐकणाऱ्याला दर भागाला आवाज कमी-जास्त करावा लागत नाही.

नाटकाचे गणित वेगळे. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या मोठ्या सभागृहात रिकाम्या खुर्च्यांसमोर योग्य वाटलेला आवाज प्रेक्षक आल्यावर दबतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे ध्वनी शोषतात. रंगमंचावरील रेडिओ किंवा फोन वाजायचा असेल, तर त्याच वस्तूमागे छोटा स्पीकर लपवावा. आवाज नेपथ्यातून आला, की नटाची नजर आणि प्रेक्षकाचा कान एकाच ठिकाणी जातात. तो स्पीकर ब्लूटूथने न जोडता तारेने जोडावा, कारण ब्लूटूथमध्ये आवाज क्षणभर मागे राहतो आणि नटाने फोन उचलल्यावरही घंटी वाजत राहते. प्रत्येक ध्वनीची फाइल स्वतंत्र असावी, तिच्या नावाच्या आरंभी क्रमांक असावा आणि तोच क्रमांक संहितेच्या छापील प्रतीवर संवादाशेजारी लिहिलेला असावा. ध्वनी सांभाळणाऱ्याने रंगीत तालमीत एकदा तरी आपली जागा सोडून शेवटच्या रांगेत जाऊन बसावे.

त्या एकांकिकेच्या प्रतीवर पहिला क्रमांक आता असा लिहिला आहे: ‘पूर्ण अंधार. रिकाम्या कारखान्याची शांतता, पाच सेकंद. एकच माग सुरू, हातभर अंतर. बाकीचे माग एकेक करून, दारातून. प्रकाश येताच रस्त्यापलीकडचा आवाज, आणि आई पहिले वाक्य बोलेपर्यंत तो थांबवायचा नाही.’